पारडीचे कान

आमच्या गावासमोर वैनगंगेच्या पात्रात दोन काळे दगड होते. मोठ्याला सगळे म्हैस म्हणत आणि तिच्या खालच्या अंगाला बसलेल्या लहान दगडाला पारडी. पारडीच्या डोक्यावर दोन टोकं वर आलेली होती, ते तिचे कान. बालाघाटहून आलेल्या पाहुण्याला बोट करून दाखवलं तरी त्याला ना म्हैस दिसायची ना पारडी. तो आपला उगाच मान डोलवायचा. आम्हाला मात्र त्या झोपेतही दिसायच्या, कारण आमचं घर त्या दोघींवर चालत होतं. माझे बाबा नदीवर डोंगा चालवायचे.

डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली लांबट होडी. तिच्यात बसता येतं, हलता येत नाही. पलीकडची गावं लालबर्र्याच्या अंगाची, आमचा काठ बालाघाटच्या अंगाचा, आणि आमच्या बाजूला तेव्हा पूल कुठेच नव्हता. कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो की सोयरीक, सगळं बाबांच्या डोंग्यातून जायचं. नुकतंच राज्य बदललं होतं. नागपूर सुटलं, भोपाळ आलं, शाळेत हिंदी आली. डोंग्याला त्याचं काही नव्हतं. तो फक्त पारडीचं ऐकायचा.

पावसाळ्यात पारडीचे कान दिसत असले तर डोंगा दोन्ही दगडांच्या मधल्या धारेतून जाई. कान बुडाले की वरच्या अंगाने लांब वळसा. आणि म्हशीची पाठ पाण्याखाली गेली की डोंगा झाडाला बांधायचा, मग कलेक्टर येऊन उभा राहिला तरी सुटायचा नाही. मधल्या धारेत पाणी पांढरं व्हायचं आणि त्याचा आवाज एवढा की या काठाची हाक त्या काठाला जात नसे. नवा माणूस ते पांढरं पाणी पाहून पांढरा पडायचा. बाबांना त्याचं हसू यायचं. ते म्हणायचे, "जी लाट एका जागी उभी राहते तिच्याखाली दगड असते. जी जागा सोडते, ते नुसतं पाणी. उभ्या लाटेले भ्याचं."

पण त्यांची खरी भीती पांढऱ्या पाण्याची नव्हतीच, लाल पाण्याची होती. आमच्या नदीचं पाणी आमच्या पावसाचं नसतं. वर सिवनीकडच्या डोंगरात काल जो पाऊस पडला, तो आज आमच्या दारात येतो. इकडे कोरडं ऊन पडलेलं, माणसं धान्य वाळत घालतायत, आणि नदी एकदम उठते. उठण्याआधी ती एकच खूण देते. पाणी लाल होतं, वर फेस आणि पाचोळा येतो. ती खूण दिसली की थोड्या वेळात पूर यायचाच. बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठे बाबा, अशाच एका लखलखीत उन्हात डोंगा घेऊन गेले होते. लाल पाणी त्यांनी पाहिलं, पण वेळ आहे असं त्यांना वाटलं. डोंगा पुढे फार खाली सापडला, ते सापडले नाहीत. त्या दिवसापासून बाबांच्या घरात लाल पाण्याशी वाद नव्हता.

हे सगळं त्यांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. मला ते फारसं आलं नाही, माझं लक्ष डोंग्यात बसलेल्या बायांच्या पाटल्यांकडे असायचं. मोठीला आलं. तिला आम्ही बाईच म्हणायचो. ती माझ्याहून थोडीच मोठी, पण दात घासताघासता नदीकडे नुसती नजर टाकायची आणि सांगायची, "आज कान बुडतीन." बाबा म्हणायचे, "काहून?" ती म्हणायची, "आवाज जाडा झाला." दुपारपर्यंत कान बुडायचे. मग बाबा दिवसभर ज्याला त्याला सांगत फिरायचे की पोरीनं घरात बसून पाणी वाचलं. माय वैतागायची. "तिले भाकरी थापता येत नाही गोल, ते नाही सांगत कोणाले," म्हणायची. बाईच्या भाकरी खरोखरच वेड्यावाकड्या व्हायच्या.

तिचं लग्न पलीकडच्या काठावरच्या गावात झालं. घर अगदी काठावर, आमच्या घाटावरून दिसणारं. माय खूश होती, लेक डोळ्यांसमोर राहणार म्हणून. तसं ते राहणं विचित्रच होतं. मी घाटावर भांडी घासायचे आणि पलीकडे ती घासायची, दोघी एकमेकींना दिसायचो, आणि पाण्याच्या आवाजात एक शब्द बोलता येत नसे. मी हातवारे करून तिच्या सासूची नक्कल करायचे, ती पदर तोंडात घालून हसायची. एवढ्या लांबून हसणं ऐकू येत नाही, पण खांदे हलताना दिसतात.

पलीकडे डोंगा नव्हता. त्यांना बाबांना बोलवायचं असलं की काठावर एक उंच बांबू रोवलेला होता, त्याला पांढरं धोतर बांधायचे. ते दिसलं की बाबा डोंगा सोडायचे. बाईला दिवस गेले तेव्हा बाबांनी एक नवीन खूण ठरवली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतंच, भाताची रोवणी आटोपली की तिला घेऊन यायचं होतं. पण मध्येच काही अडलं-नडलं तर बांबूला तिचं हिरवं लुगडं बांधायचं, मायने ओटी भरताना दिलेलं. पांढरं दिसलं तर बाबा जेवण आटोपून निघायचे. हिरवं दिसलं तर ताटावरून उठणार होते. सुईणही आमच्याच गावात होती, पलीकडची म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली होती.

श्रावणात, रोवणी थोडी उरली असताना, एका सकाळी मी घाटावर गेले आणि बांबूवर हिरवं लुगडं फडकत होतं.

मी धावत घरी आले. बाबा खरंच ताटावरून उठले. माय सुईणीला बोलावायला गेली, चिरगुटांचं गाठोडं बांधलं, तेलाची बाटली घेतली. सुईण म्हातारी होती, हळूहळू चालायची, मायने तिला जवळजवळ ओढतच घाटावर आणली. आभाळ स्वच्छ होतं. पारडीचे दोन्ही कान पाण्याबाहेर होते, म्हणजे सरळ मधल्या धारेतून जाण्याजोगं पाणी. बाबांनी डोंग्याची दोरी सोडली, सुईणीला हात देऊन बसवलं, आणि वल्हं उचलताना वरच्या अंगाला पाहिलं. तसेच थांबले.

वरून लाल पाणी येत होतं. आधी आमच्या काठाने एक पट्टा, मग रुंद होत होत अर्ध्या पात्रात. वर फेसाचे गोळे आणि पाचोळा. बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, टाकून दिलं. मग सुईणीला हात देऊन खाली उतरवलं.

माय म्हणाली, "अजी, काय करून राह्यले?"

"पूर येऊन राह्यला."

"कान तं दिसून राह्यले पारडीचे."

"कान आत्ताचं सांगतात. लाल पाणी पुढचं सांगते," बाबा म्हणाले. "मी एकटा गेलो असतो. तुमाले दोघीले मधात घालू? आन् येतांनी तिले, तशा पोटाची? मोठ्यानं असंच केलं होतं."

मायने गाठोडं वाळूत ठेवलं. तिला मोठ्या दिरांचं सगळं ठाऊक होतं. बाबांनी ठरवलं ते असं, की असा पूर जसा धावत येतो तसा उतरतोही लवकर. तो येऊन जाऊ द्यायचा आणि मग डोंगा टाकायचा. आम्ही चौघं घाटावर पुराची वाट पाहत बसलो. नदीकाठी कोणी पूर लवकर यावा म्हणून हात जोडत बसलेलं तुम्ही पाहिलं नसेल. आम्ही तेच करत होतो.

पूर येत नव्हता. पाणी लालच होतं, पारडीचे कान होते तिथेच होते. परसवाड्याच्या बाजारातून बैल घेऊन आलेला एक व्यापारी खालच्या उथळ अंगाने बैल पाण्यात घालायला लागला. बाबा ओरडत धावले, त्याला म्हणाले पूर येतोय, काठावर थांब. तो हसला. "पानी तो देखो काका, बैल आराम से पार हो जाएँगे," म्हणाला, आणि शेपूट धरून पाण्यात उतरलाही. आम्ही जीव मुठीत धरून पाहत होतो. तो पलीकडे निघाला, अंग झटकलं, बैल हाकत चालता झाला. माय बाबांकडे पाहत होती. बाबा नदीकडे.

दुपार झाली. बांबूवर हिरवं लुगडं तसंच होतं, वाऱ्याने उघडायचं आणि बांबूला गुंडाळायचं. शेवटी बाबा उठले. घाटावरच्या दगडावर चढून उभे राहिले, वल्हं हातात घेतलं आणि मायला म्हणाले, "येऊ दे पुराले काय यायचं ते. मी जातो. तिले डोंग्यात निजवून आणतो." मी दोरीला हात घातला. तेवढ्यात मायने माझा दंड धरला.

पलीकडे बांबूजवळ कोणीतरी आलं होतं. त्यानं लुगडं सोडलं, खाली ओढलं, घडी केली आणि घरात नेलं.

मायने माझा दंड सोडला. "झाली," ती म्हणाली. "सुटली पोरगी." सुईणही म्हणाली की तसंच असणार, खूण काढली म्हणजे काम झालं. बाबा दगडावरून उतरले. ते वाळूत बसले आणि हसू लागले. म्हणाले, "पाह्य, माही पोरगी. पुराच्या आधी मोकळी झाली." मायने घरून गूळ आणला. घाटावर जो येईल त्याच्या हातावर तिने गूळ ठेवला. मलाही दिला. त्या दिवसानंतर मी गुळाचा खडा तोंडात धरू शकलेली नाही. लोक विचारतात, साखर झाली आहे का. मी हो म्हणते.

संध्याकाळी पाणी निवळायला लागलं. पूर आलाच नाही. बाबा डोकं खाजवत राहिले, पण त्या दिवशी त्यांना त्याची फिकीर नव्हती. म्हणाले, बाळंतिणीला लगेच हलवायचं नाही, उद्या सकाळी आपणच जाऊ.

सकाळी बांबूवर पांढरं धोतर होतं. ते बोलावणं आम्ही आनंदाचंच समजलो. माय, सुईण आणि मी डोंग्यात बसलो. मायच्या मांडीवर गाठोडं होतं, त्यात माझ्या आणि बाईच्या लहानपणच्या अंगड्यांच्या मऊ चिंध्या. पाणी नितळ होतं. मधल्या धारेतून जाताना बाबांनी इतक्या सहज डोंगा काढला की आमच्यावर थेंब उडाला नाही. ते सारखे बोलत होते. पोरगा झाला असेल तर वल्हं मीच शिकवीन, आणि पोरगी झाली असेल तरी मीच शिकवीन, भाकरीचं तिच्या आजीनं पाहावं.

काठावर माणसं उभी होती. भाटवे, म्हणजे बाईचा नवरा, पुढे होते, पण डोंगा धरायला पाण्यात उतरले नाहीत. एरवी ते गुडघाभर पाण्यात यायचे. आधी सुईणीला कळलं. तिने मायच्या मांडीवरचं गाठोडं हळूच उचललं आणि आपल्या पाठीमागे ठेवलं.

बाई आदल्या दिवशी दिवेलागणीला गेली होती. लेकरू अडलं होतं, तेही राहिलं नाही. ती ओसरीवर निजवलेली होती आणि अंगावर ते हिरवं लुगडं होतं. सुईणीने तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली की वेळेवर हात लागला असता तर निघालं असतं. तिने ते कोणाला सुनावण्यासाठी म्हटलं नव्हतं, तिचं आयुष्यभराचं काम होतं, तोंडातून निघून गेलं. पण बाबा तिथेच उभे होते.

तिला तिच्या सासरच्या काठावरच जाळलं. दुसऱ्या दिवशी बाबा न सांगता घरातून निघाले आणि काठाकाठाने वर चालत गेले. संध्याकाळी परतले तेव्हा धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून आणलेलं होतं. अंगणात त्यांनी ते सोडलं. लाल मुरूम होता. वर एका नाल्याच्या काठी नव्या रस्त्यासाठी मुरमाचे ढीग घातले होते. हिरवं लुगडं दिसलं त्याच्या आदल्या रात्री तेवढ्याच भागात एक सर येऊन गेली, नाला भरला, आणि मुरूम, फेस, पाचोळा सगळं नदीत घेऊन आला. सिवनीकडे पाऊस नव्हता. पूर कुठे नव्हताच. त्या दिवशी नदी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी होती, आणि ते बैलवाल्याला कळलं होतं, कारण त्याला काहीच कळत नव्हतं.

मी बाबांवर रागावले. सरळ सांगते, फार रागावले. त्यांनी चूक केली म्हणून नाही, ते शहाणे होते म्हणून. घाटावरचा कोणताही अडाणी माणूस त्या दिवशी डोंगा टाकून गेला असता आणि माझ्या बहिणीला घेऊन आला असता. हा राग कोणाला दाखवायचीही सोय नव्हती, कारण बाबांची अवस्था डोळ्यांसमोर होती. माय त्यांना एका शब्दाने बोलली नाही. फक्त ते सकाळी नदी पाहायला निघाले की ती त्यांच्याकडे पाठ करून चुलीत फुंकत बसायची, चूल पेटलेली असली तरी.

डोंगा त्यांनी सोडला नाही. सोडून खाणार काय. पण लोक विचारत, "काका, आज कसं हाये पाणी?" तर ते म्हणायचे, "तुमाले कसं दिसते?" माणसं गोंधळायची. हळूहळू कोणी विचारेनासं झालं. मग माझं लग्न झालं, मी बालाघाटला आले, आणि पुढे काही वर्षांनी आमच्या बाजूलाही पूल झाला. डोंगा घाटावर उलटा पडून राहिला. बाबा सकाळी त्याच्यावर जाऊन बसायचे.

बाईची सासू मला लालबर्र्याला एका लग्नात भेटली. खूप थकली होती. मी तिची नक्कल करायचे ती हीच, आता ओळखूही येत नव्हती. पंगत उठल्यावर तिने मला बाजूला बसवलं आणि माझा हात धरून म्हणाली, "तुयाजवळ सांगतो माय, मले नेता येत नाही हे वर." मग तिने सांगितलं.

त्या दुपारी बाईला कळांमध्येही शुद्ध होती. तिने दारातून नदी पाहिली होती, लाल पाणी पाहिलं होतं. ती सासूला म्हणाली होती, पूर येऊन राह्यला, बाबा आत्ता येणार नाहीत. मग भाटवे काठावरून धावत आले आणि सांगितलं, तुझे बाबा दगडावर चढले, वल्हं घेतलं हातात, येऊन राह्यले. सासू म्हणाली, "मले वाटलं खूश होईन. तं उठून बसली. म्हणे, काढा ते लुगडं. आधी काढा. ते बांबूवर राह्यलं तं बाबा डोंगा टाकतीन, आन् पूर त्याईले घेऊन जाईन. मोठ्या बाबासारखं." भाटवे ऐकेनात. तिने त्यांना शपथ घातली. त्यांनी लुगडं काढून आणलं, तेव्हा ती पडून राहिली आणि म्हणाली, आता बसतीन ते.

मी घरी आले आणि कित्येक महिने हे पोटात घेऊन फिरले. सांगावं तर बाबांना दुसऱ्यांदा मारल्यासारखं होणार. न सांगावं तर ते एकटे काय समजून बसलेत देव जाणे. मी सांगणारच नव्हते. त्यांनीच विचारलं.

मी माहेरी गेले होते. माय तोवर वारली होती. बाबा उलट्या डोंग्यावर बसले होते, मी चहा घेऊन गेले. पुलावरून एक बस धूर सोडत गेली. बाबा म्हणाले, "एक गोष्ट मले समजली नाही पोरी. मी उठलो आन् त्याईनं लुगडं काढलं. काहून काढलं असन? बाप येत नाही म्हणून राग आला असन का तिले?"

म्हणजे इतकी वर्षं ते हे समजून बसले होते. मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सासूने सांगितलं ते सगळं सांगितलं, लाल पाणी, शपथ, सगळं. ते नदीकडे पाहत ऐकत होते. चहा हातातच निवला.

ते म्हणाले, "पाणी तं तिनं बराबर वाचलं. मी शिकवलं तसंच."

मला वाटलं संपलं. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि लहान लेकराने विचारावं तसं विचारलं, "म्हणजे मी उठलो होतो, हे मालूम होतं तिले?"

"हौ बाबा," मी म्हटलं. "तुमी उठले म्हणूनच तं काढलं."

त्यांनी कपबशी वाळूत ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. समोर पाणी उतरलेलं होतं आणि पारडीचे कान दिसत होते.